गुलाबी खूण

फ्रिजचं दार बोटभर उघडं राहिलं होतं, झालं होतं ते एवढंच. दोन्ही कानांवर हात दाबून सून स्वयंपाकघरात आली, ढोपरानं दार ढकललं आणि म्हणाली, "अहो आई, केव्हाचा बोंबलतोय हा! मला बाथरूमपर्यंत ऐकू आलं. तुम्ही इथंच बसलाय ना?" ती इथंच बसली होती. फ्रिजपासून दोन हातांवर, टेबलाशी, चहाचा कप पुढ्यात घेऊन, सकाळच्या शांततेचा आनंद लुटत. कोण बोंबलत होतं, असं तिनं विचारलं नाही. तीस वर्षं शाळाशाळांतून पोरांचे कान तपासणाऱ्या बाईची असला प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. "पेपरात डोकं होतं," ती म्हणाली. पेपर घडीसुद्धा न मोडता टेबलावर पडला होता. सुनेनं पेपराकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि केस पुसत निघून गेली. मग ती उठली. फ्रिजचं दार पुन्हा बोटभर उघडलं आणि समोर उभी राहिली. गार वारा पोटऱ्यांना लागला. मोटरची घरघर ऐकू येत होती. खालून गेलेला ट्रक ऐकू आला, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तीही ऐकू आली. थोड्या वेळानं आतला दिवा मिटमिटायला लागला, म्हणजे आता दार लावा म्हणून तो बोंबलत असणार. ती कान देऊन उभी राहिली. आतल्या खोलीतून सून ओरडली, "आई, परत उघडं राहिलंय बघा!" आपले कान गेले, हा विचार नंतर आला. आधी आठवलं ते नेलपॉलिश.

तिच्याकडे कामाचं एक यंत्र असे. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं, पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं. त्याला हेडफोन, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. एक बटण जाड आणि बारीक आवाज बदलायला, दुसरं, गोल, आवाज लहानमोठा करायला, आणि तिसरं दाबून आवाज सोडायला. मुलाच्या कानाला हेडफोन लावायचे, हातात लाकडी खुंटी द्यायची, पुढ्यात रिकामा डबा ठेवायचा. आवाज आला की खुंटी डब्यात. मुलांना हा खेळ वाटतो आणि वाटावाच. पण गोल बटण कुठवर न्यायचं, याला खेळ चालत नाही. ही नोकरी लागली त्या महिन्यात थोरल्या सिस्टरांनी, म्हणजे तिला काम शिकवणाऱ्या बाईंनी, बटणाच्या कडेला गुलाबी नेलपॉलिशचं एक टिंब दिलं होतं आणि बजावलं होतं, "याच्या पुढं जायचं नाही. पोरगं गोड आहे, पोरगं रडतंय, तुला घरी जायची घाई आहे, काहीही असो. इथं ऐकलं तर ऐकलं, नाही तर नाही." त्या बाई स्वतः कधी नखं रंगवत नसत. ती बाटली फक्त यंत्रासाठी पर्समध्ये असायची. पुढं यंत्रं तीन बदलली. प्रत्येकावर तिनं पहिल्या दिवशी बाटली काढून त्याच जागी टिंब दिलं. आणि रोज सकाळी निघण्याआधी हेडफोन आपल्या कानाला लावून, टिंबावर बटण ठेवून, सगळे आवाज एकदा ऐकून घ्यायचे, हाही थोरल्या सिस्टरांचाच नियम. आधी यंत्र तपासायचं, मग पोरं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी बारीक आवाज ऐकू येईना. जाड आवाज ठणठणीत, बारीक मात्र मेलेला. तिनं हेडफोनची वायर हलवून पाहिली, यंत्राला दोन चापट्या मारल्या, बटण पुढं सरकवत गेली तेव्हा कुठं तो हळूच उगवला. यंत्र म्हातारं झालं, तिनं निदान केलं. वरच्या कार्यालयाला कळवायचं म्हणजे सहा महिने यंत्र त्यांच्या कपाटात जाणार आणि सहा महिने एकही मूल तपासलं जाणार नाही. मग तिनं सुनेच्या आरशापुढची तपकिरी बाटली उचलली आणि गुलाबी टिंबापासून तीन घरं पुढं एक नवं टिंब दिलं. यंत्राच्या वहीत तारीख टाकून लिहिलं: 'बारीक आवाज क्षीण. खूण पुढे घेतली आहे.' खाली लफ्फेदार सही. त्या दिवशी ती स्वतःवर खूश होती, हे तिला आता, फ्रिजचं दार लावताना, अगदी स्वच्छ आठवलं. कुणाच्या तोंडाकडे न बघता प्रश्न सोडवला, अशी शेखी तिनं जेवताना मुलापुढं मिरवलीसुद्धा होती.

शिवाय त्या वर्षात एकटं यंत्रच कुठं बिघडलं होतं? आरोग्य केंद्राकडे चालताना तिला एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक आठवणीगणिक तोंड कडू होत गेलं. दारावरची घंटा बिघडली म्हणून तिनं नवी बसवून घेतली होती. तीही बिघडकी निघाली, म्हणून दुकानदाराशी जाऊन भांडली होती. शिट्टीची किटली शिट्टी घालेना म्हणून भंगारात दिली होती. घड्याळवाल्याला म्हणाली होती, आजकालची घड्याळं टिकटिकत नाहीत, आणि तो बिचारा 'हो ना' म्हणाला होता. खिडकीसमोरचं झाड कापलं तेव्हापासून सकाळी पाखरं येत नाहीत, असं ती येईल जाईल त्याला सांगायची. आता कोपऱ्यावर थांबून तिनं वर पाहिलं. विजेच्या तारेवर सात-आठ पाखरं बसली होती. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. सगळं जग एका वर्षात मोडकळीला आलं आणि ही बाई तेवढी शाबूत राहिली, यात काही काळंबेरं आहे असा संशय तिला एकदाही आला नव्हता. पोरांच्या केसांतली ऊ जिला दारातून दिसते, लंगडी घालणाऱ्या पोराचा बूट लहान झालाय हे जी रस्त्यापलीकडून सांगते, जिनं एकदा बाह्या वर न करणाऱ्या मुलीची बाही हळूच वर करून पुढचं सगळं प्रकरण पोलिसांपर्यंत नेलं होतं, त्या बाईला स्वतःच्या डोक्याच्या दोन बाजूंना काय चाललंय ते कळू नये! तिला स्वतःचा इतका राग आला की चालता चालता ती मोठ्यानं "मूर्ख" म्हणाली. बाजूनं जाणारा सायकलवाला दचकला आणि त्यानं उगाचच वळून माफी मागितली.

आणि मग घुमी. घुमी हे काही नाव नव्हे, पण तिसरीच्या वर्गात मुलीला सगळे तेच म्हणत. आठ वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक नेहमी सुटलेली. तपकिरी टिंब देऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा वर्गबाईंनी तिला मुद्दाम हाताला धरून आणलं होतं. "हिचे कान एकदा नीट बघा हो सिस्टर. मागून हाक मारली तर वळते, पण काही सांगितलं की भलतंच करते. लिहायला घातलं की निम्मे शब्द गाळते. विचारलं की नुसती बघत राहते." तिनं घुमीला हेडफोन लावले. तिनं एकेक आवाज सोडला आणि एकेक खुंटी डब्यात पडली. शेवटच्या बारीक आवाजाला क्षणभर उशीर झाला, पण पडली. वहीत तिनं लिहिलं, 'श्रवण उत्तम.' वर्गबाई म्हणाल्या, "म्हणजे ऐकू येतं. ऐकायचं नसतं." आणि ती हसली होती. चुकीचा शेरा माणसाच्या हातून जातो, पण हसायचं काय अडलं होतं? दोन महिन्यांनी ती लस टोचायला त्याच वर्गात गेली तेव्हा घुमी सगळ्यात मागच्या बाकावर होती, एकटी, पंख्याच्या खडखडाटाखाली. वळण लागेपर्यंत तिथंच बसायचं, अशी शिक्षा होती. दंडावर कापूस दाबून धरताना तिनं त्या मुलीला उपदेशही केला होता, "बाईंचं ऐकत जा हं." मुलगी तिच्या ओठांकडे बघत होती. मान हलवेपर्यंत ओठांवरची नजर तिनं काढली नव्हती. असं बघणारी पोरं कोण असतात, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तिच्या डोक्यात काही पेटलं नाही, कारण कागदावर 'उत्तम' लिहिलेलं होतं आणि ते तिनंच लिहिलेलं होतं.

गेल्या आठवड्यात शाळेकडून चिठ्ठी आली होती. घुमीला मंदबुद्धी मुलांच्या वर्गात हलवायचं ठरलंय, श्रवणाच्या दाखल्याची एक प्रत हवी. प्रत तिनंच काढली, तिनंच शिक्का मारला. शिक्का जरा तिरका उमटला म्हणून दुसरी प्रत काढून पुन्हा नीट मारला होता. कागद उद्या पुढं जाणार होते. एकदा त्या वर्गात गेलेलं मूल परत आलेलं तिनं एवढ्या वर्षांत एकदाच पाहिलं होतं, तेही बापानं मंत्र्यापर्यंत खेटे घातले म्हणून. घुमीच्या बापाला खेटे घालायला सुट्टी मिळत नव्हती. तो दोन पाळ्यांत काम करायचा.

केंद्रावर पोचल्यावर ती आधी औषधवाल्याच्या खिडकीशी गेली. पंचविशीचा पोरगा, कान शाबूत असणार. त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, बटण गुलाबी टिंबावर ठेवलं, बारीक आवाज सोडला. "काही येतंय का रे?"

"हो, येतोय ना. किणकिण. हळू आहे, पण येतोय. का हो?"

"आणि आता?" तिनं बटण तपकिरी टिंबावर नेलं.

त्यानं तोंड वाकडं केलं. "आता तर सरळ डोक्यात शिरतोय. सिस्टर, यंत्र बिघडलंय का?"

"यंत्राला काही धाड भरलेली नाही," ती म्हणाली, आणि वही उघडून त्या तारखेपासूनची पानं मोजली. तीन शाळा, चारशे अकरा मुलं. सगळ्यांचे कान उत्तम. एवढे उत्तम कान तिच्या उभ्या नोकरीत कधी भरले नव्हते, आणि त्याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं होतं. ते पत्र साहेबांनी खोलीबाहेरच्या फळ्यावर लावलं होतं. आत जाताना तिनं ते टाचणीसकट उपटून घेतलं.

साहेब म्हणजे केंद्राचे मुख्य डॉक्टर, तिच्या मुलाहून वर्षभरानं लहान. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सिस्टर, बसा आधी," ते म्हणाले. ती बसली नाही. "हे बघा, आकडे वरच्या कार्यालयात गेलेत. आता परत चारशे अकरा मुलं तपासायची म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं असं लिहून द्यायचं. चौकशी लागेल. तुमचं निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? पुढच्या वर्षी नेहमीची तपासणी येईलच, त्यात सापडतील."

"पुढच्या वर्षी ती दुसरीकडे असेल."

"कोण?"

"तिसरीतली एक मुलगी. तिला ऐकू येत नाही म्हणून मंद ठरवलंय. माझ्या सहीनं."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "एकट्या तिचं करा ना मग. गुपचूप. नव्या तारखेचा दाखला द्या. कान काय, सर्दीनंसुद्धा बंद होतात. आठ महिन्यांत बिघडले म्हणायचं, कुणी विचारणार नाही."

क्षणभर तिला ते पटलंच. पटलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. सोपं होतं, सुबक होतं, आणि मुलगीही सुटत होती. दीड वर्षानं हार, शाल, भाषणं, 'सिस्टरांनी डोळ्यांत तेल घालून' वगैरे. पण चारशे अकरांमधल्या बाकीच्यांचं काय? प्रत्येक शाळेत शेवटच्या बाकांवर कोण कोण बसलं असेल, वेंधळी, हट्टी, आगाऊ म्हणून, प्रत्येकाच्या नावापुढं तिची लफ्फेदार सही? तिला थोरल्या सिस्टर आठवल्या. गुलाबी बाटली पर्समधून काढताना त्यांचा चेहरा सुई टोचतानासारखा व्हायचा. त्या बाईंनी कुणाला सर्दीचा दाखला दिला नसता. तिच्या छातीत काहीतरी ताठ झालं, आणि ते बरं वाटलं.

"नाही जमणार," ती म्हणाली. "चारशे अकराच्या चारशे अकरा परत तपासायचे. आजपासून."

"कुणाच्या परवानगीनं? आज तुमची भेट आखलेली नाही. यंत्र बाहेर नेता येणार नाही."

"चुकताना मी परवानगी घेतली नव्हती साहेब. निस्तरताना कशाला घेऊ?" टाचणीसकट पत्र तिनं त्यांच्या टेबलावर ठेवलं. "आणि चौकशी लावायची तर लवकर लावा. मला ऐकू यायचं थांबायच्या आत."

यंत्र खांद्याला अडकवून ती निघाली तेव्हा साहेब दारापर्यंत आले आणि काहीतरी म्हणाले. तिला ते ऐकू आलं नाही. म्हणजे खरं तर आलं होतं. पण सकाळपासून एक सोय नव्यानं हाताशी आली होती, ती तिनं एकदा वापरून पाहिली.

शाळेचा कोठारवजा वर्ग, जिथं मोडके बाक आणि नकाशे ठेवत, तो तिला तपासणीसाठी नेहमी मिळे, कारण तिथं गोंगाट कमी. वर्गबाई घुमीला घेऊन आल्या, कपाळाला आठ्या घालून. "आता आणखी काय राहिलंय सिस्टर? कागद तयार आहेत. मी काय तिची वैरीण आहे का? पन्नास पोरं आहेत मला. हिला पाचदा सांगायचं म्हणजे बाकीच्यांनी काय करायचं?" हे काही खोटं नव्हतं, म्हणून ती वाद घालत बसली नाही. घुमीला खुर्चीवर बसवलं, सुटलेली वेणी कानामागं सारली, हेडफोन लावले. बटण गुलाबी टिंबावर. जाड आवाज, खुंटी पडली. मधला आवाज, खुंटी पडली. बारीक आवाज. घुमी खुंटी मुठीत धरून बसली होती. डोळे तिच्या चेहऱ्यावर, काही खूण मिळते का बघत. पुन्हा सोडला. दुसऱ्या कानाला सोडला. खुंटी मुठीतच. मुठीची बोटं पांढरी पडली होती.

"मुद्दाम करते," वर्गबाई म्हणाल्या. "गेल्या वेळी टाकल्या होत्या ना सगळ्या?"

"गेल्या वेळी मी आवाज मोठा ठेवला होता. माझ्या कानांना पुरेल एवढा." तिनं हेडफोन काढून वर्गबाईंच्या डोक्यावर ठेवले, हातात खुंटी दिली. "तुम्ही टाका." आवाज सोडताच खुंटी खण्णकन डब्यात पडली. "आला की," वर्गबाई म्हणाल्या, "स्पष्ट आहे."

"आता मी बसते. तुम्ही आधी जाड, मग बारीक आवाज लावून हे बटण दाबा. गोल बटण टिंबावरून हलवू नका." घुमीच्या खुर्चीशेजारच्या बुटक्या बाकावर ती बसली, गुडघे हनुवटीशी आले. हेडफोनच्या गाद्या दोघींच्या कानांनी अजून कोमट होत्या. तिनं खुंटी मुठीत घेतली. वर्गबाईंनी बटण दाबलेलं तिला दिसलं. जाड आवाज आला, तिनं खुंटी टाकली आणि दुसरी घेतली. वर्गबाईंनी आवाज बारीकवर नेला आणि दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. तीस वर्षं ती या खुर्चीच्या पलीकडून बघत आली होती. समोरचं माणूस बटण दाबतं, तुमच्याकडे रोखून बघतं, काहीतरी घडलेलं असतं आणि ते तुमच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं, हे या बाजूनं किती भयंकर दिसतं ते तिला आज समजलं. खुंटी टाकून द्यावी, असंच वाटतं. अंदाजानं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. तिनं टाकली नाही.

वर्गबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "मी तीनदा दाबलं."

"असेल."

"तुम्हाला नाही आलं?"

"नाही."

घुमी तिच्या मुठीतल्या खुंटीकडे बघत होती. मग स्वतःच्या मुठीतल्या खुंटीकडे. इतका वेळ आवळलेली मूठ तिनं उघडली आणि विचारलं, "तुम्हाला पण?"

"मला पण," ती म्हणाली, मुलीला ओठ नीट दिसतील असं वळून. "तुझ्याइतकंच. आणि मी मंद नाहीये." घुमीनं थोडा विचार केला. मग तिला हसू फुटलं, पुढचा दात पडलेलं, पुऱ्या तोंडभर. वर्गबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, "आठ महिने त्या पंख्याखाली बसवलं मी हिला." त्या चुकीत अर्धा वाटा तिचाही होता आणि वाटून घेतल्यानं कुणाचाच कमी होणार नव्हता.

तिनं नखानं तपकिरी टिंब खरवडून काढलं. ते सहजासहजी निघेना, पापुद्रे नखात गेले. मग वही उघडली, नवं पान घेतलं, वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मागील आठ महिन्यांची श्रवण तपासणी चुकीची आहे. चूक यंत्राची नाही, माझी आहे. फेरतपासणी सुरू.' पहिल्या ओळीत घुमीचं खरं नाव, वय आठ, इयत्ता तिसरी, आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'दोन्ही कान. बारीक आवाज ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे. पहिल्या बाकावर बसवावे. समोरून बोलावे.' दुसऱ्या ओळीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं. वय छप्पन्न. इयत्तेच्या रकान्यात आडवी रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात घुमीच्या शेऱ्यातला एकही शब्द न गाळता तो पुन्हा उतरवला. खाली सही केली, नेहमीची. मग शिक्का काढला. तो जरा तिरका उमटला, तसाच राहू दिला, आणि वर्गबाईंना म्हणाली, "आता या पानाची प्रत जोडा त्या कागदांना. उद्याच पाठवा. आणि पुढचं मूल आत बोलवा. यंत्राला आजपासून कान तुम्ही द्यायचा, खुंट्या मी मोजते."